लोड टाकल्यावर

मीटरवर चार पूर्णांक दोनचा आकडा आला तेव्हा तिने पहिला संशय घेतला तो मीटरवर. प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, काढून ती तशीच उठली, शेडच्या दुसऱ्या टोकाला नव्या बॅटऱ्या रांगेने ठेवल्या होत्या तिथे गेली आणि त्यांतल्या एकीवर मीटर लावून पाहिला. बारा पूर्णांक सात. म्हणजे मीटर शुद्धीवर होता. मग तिने मीटरच्या वायरी पाहिल्या. काळी तिच्या भोकात, लाल व्होल्टच्या भोकात. अँपिअरच्या भोकात नाही. चकती व्होल्टवर. हातातलं कडं आणि बोटातली अंगठी तिने आल्या आल्या काढून डब्यात ठेवली होती, डोळ्यांवर जाड चष्मा होता. कुठेही काही चुकलं नव्हतं, आणि चुकलं नव्हतं हेच तिला नको होतं. परत येऊन ती रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून आत वाकली. आत पंखा फिरत होता, छताचे सगळे दिवे लागले होते, बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घुमत होता आणि त्याला जोडलेलं श्वासाचं मशीन रिकाम्या नळीतून कुणाला तरी श्वास देत होतं. तिने काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवलं आणि लाल टोक हातभर पलीकडे, जिथे बॅटरीकडून आलेली जाड काळी वायर गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळली होती, त्या बोल्टशेजारच्या लोखंडाच्या उघड्या कडेवर. या दोन जागांमध्ये खरं तर काहीच दिसायला नको. शून्य पूर्णांक एक, फार तर शून्य पूर्णांक दोन. चार पूर्णांक दोन. आकडा किंचित हलला, चार पूर्णांक एक झाला, पुन्हा दोन. मग इन्व्हर्टर तीनदा चिरकला आणि बंद पडला. मशीनचा श्वास अर्ध्यावर थांबला. आणि त्याबरोबर मीटरवरचा आकडा झपकन खाली आला, साळसूदपणे, जणू काही झालंच नव्हतं.

म्हणजे त्या दिवशीही असंच झालं असणार. तीनदा चिरकला असणार. एकाहत्तर वर्षांच्या एका माणसाला घरून दवाखान्यात नेत होते, पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या होत्या, आणि मागचं मशीन बंद पडलं. मशीनच्या पोटातली स्वतःची बॅटरी तेव्हा दोन मिनिटंही टिकली नाही; आता तर ती पार मेलेली होती. मग मागे बसलेल्या मदतनीस पोरीने रबरी फुगा दाबून दाबून हाताने श्वास दिला. नऊ मिनिटं. माणूस जिवंत पोचला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डॉक्टर म्हणाले, तसेही कदाचित गेलेच असते. हा कदाचित गेले तीन आठवडे शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडी होता, आणि प्रत्येकजण तो आपापल्या सोयीने उच्चारत होता. घरच्यांनी तक्रार केली. ऑफिसने दोन दिवसांत ठरवून टाकलं की ड्रायव्हरने आदल्या दिवशी मागचं मेन बटण चालूच ठेवलं, बॅटरी उतरली आणि मशीन बंद पडलं. ती खरंच उतरली होती का, हे पाहायला गेलं तर उशीर झाला होता, कारण त्याच संध्याकाळी कुणीतरी चांगुलपणाने गाडी चार्जरला लावून ठेवली होती. तेव्हापासून गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी होती. आज दहा वाजता चौकशी अधिकारी येणार आणि त्यांच्यासमोर शेडच्या इलेक्ट्रिशियनने, म्हणजे तिने, गाडी तपासून दाखवायची. साहेबांसमोर चाचपडायला नको म्हणून ती तासभर आधी आली होती. फक्त एवढ्यासाठी. शेडमधल्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती.

तो बोल्ट तिनेच आवळला होता. साडेचार आठवड्यांपूर्वी गाडी खालून गंज काढून, रंग मारून आली होती. सांगाड्यावर जाड, काळा, गुळगुळीत रंग. मागची बॅटरी बसवायचं काम तिच्याकडे. रंगातून करंट जात नाही, म्हणून अशा वेळी वायरीच्या टोकाखालचा रंग घासून चकचकीत लोखंड उघडं करायचं असतं, मग आवळायचं. हे ती झोपेतही सांगू शकली असती. त्यासाठी लागणारा पॉलिश पेपर होता कपाटात, कपाट होतं शेडच्या दाराशी, आणि कपाटासमोरच्या बाकावर बसला होता तात्या, म्हणजे हाच ड्रायव्हर, आणि त्याच्या भोवती आणखी तिघे. सकाळीच तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मीटरबाई, एकदा आमच्या घरी या. आमच्या हिच्यात किती करंट उरलाय ते मोजून द्या!" तिघे खदाखदा हसले होते. मीटरबाई हे नावही त्याचंच. सहा वर्षं ती ते ऐकत होती, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायची तिची एक चाल ठरलेली होती, मान थोडी खाली, पावलं थोडी जलद. त्या दिवशी तिला ती चाल चालायची नव्हती. बस्स. तिने कपाटाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि मनात म्हणाली, बोल्टचे आटे करंट धरतील की. रंगावरच वायर ठेवली, पाना फिरवला, काहीही चालू न करता मीटर लावला, बारा पूर्णांक सहा आले, आणि कागदावर सही केली. पाच मिनिटांचं काम वाचलं. तेही वाचलं नव्हतं. ती पाच मिनिटं ती नुसती गाडीच्या मागे उभी राहिली होती, ते उठायची वाट पाहत.

तिला मामाची आठवण झाली. हे काम तिला मामाने शिकवलं होतं. मामाच्या डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाला गोल खोल वळ होता. तरुणपणी एकदा पाना धरलेला हात बॅटरीवरून गाडीच्या पत्र्याला लागला आणि मधे अंगठी आली. ती लाल झाली, आणि काढता येईपर्यंत लालच राहिली. तो मीटर न वापरता वाढलेला माणूस, वायर पत्र्याला घासून ठिणगी बघायचा आणि ठिणगीच्या रंगावरून निदान करायचा. पहिला मीटर घेतला त्या दिवशी त्याने लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून सरळ बॅटरीवर लावली. फट्कन आवाज, प्रोबचं टोक वितळलं, मामा मागच्या मागे बसला. तेव्हापासून तो मीटरला घाबरून मान द्यायला लागला. आधी भोकं बघ, मग आकडा, हे त्याचं पहिलं सांगणं. आणि दुसरं, तिचं लग्न ठरल्यावर सांगितलेलं, "हा खोटं बोलत नाही गं. पण विचारशील तेवढंच सांगतो. नवऱ्यासारखा." ती तेव्हा किती हसली होती. आज सकाळी नवरा दाढी करता करता म्हणाला होता, "घाबरू नकोस. ते विचारतील तेवढंच सांग." त्याला काहीच माहीत नव्हतं. तिलाही तेव्हा माहीत नव्हतं, असं ती आता स्वतःला सांगू पाहत होती. पण मग ती तासभर आधी का आली होती? साहेबांसमोर चाचपडायला नको म्हणून? सहा वर्षांत ती कुणासमोर चाचपडली होती?

नऊ चोवीस. काम अगदी छोटं होतं. सगळं बंद करायचं, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची, बोल्ट काढायचा, घासायचा, आवळायचा. पंधरा मिनिटं. तिच्या नकळत ती कपाटापाशी जाऊन आली होती; पॉलिश पेपरचा तुकडा तिच्या मुठीत होता. आज बाकावर कोणी नव्हतं. तिने इन्व्हर्टर बंद केला, दिवे बंद केले, पंखा बंद केला. शेड एकदम इतकी शांत झाली की बाहेरच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. निगेटिव्ह वायर सोडून तिने बाजूला वळवून ठेवली आणि पाना बोल्टवर बसवला. बोल्ट अजून कोमट होता. त्याच्याभोवती रंगाला बारीक फोड आले होते आणि जळक्या रंगाचा वास येत होता, अगदी मंद, मुद्दाम नाक नेलं तरच येईल असा. पाव फेरा. बोल्ट ढिला झाला आणि वायरीच्या टोकाखालून काळं वर्तुळ दिसलं, अर्धं. ते पाहताच तिचा हात थांबला. तिला वाटलं, आपण घासून टाकू आणि हे वर्तुळ जाईल, आणि मग ते फक्त आपल्यालाच माहीत असेल. पण घासायचीही तशी गरज नव्हतीच. परत आवळून ठेवलं, आणि साहेबांसमोर काही चालू न करता मोजून दाखवलं, की झालं. बारा पूर्णांक सहा. खोटं एक अक्षरही बोलायला लागणार नाही. तिने बोल्ट पाव फेरा उलटा फिरवून पुन्हा होता तसा आवळला आणि निगेटिव्ह वायर जागेवर लावली. हे आपण पुरावा राखण्यासाठी केलं की लपवण्यासाठी, ते तिला ठरवता येईना.

"बाई, येऊ का आत?"

दारात तात्या उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. सहा वर्षांत त्याने कधी विचारून पाऊल टाकलं नव्हतं, आणि नुसतं बाई हे तर त्याच्या तोंडून तिने प्रथमच ऐकलं. तो बाकावर बसला नाही. गाडीपासून चार हात लांब उभा राहिला, जणू गाडी चावेल.

"बसा ना," ती म्हणाली.

"नको. बसलं की शर्ट चुरगळतो." मग म्हणाला, "ते मोजायचं तुमचं फार वेळ चालतं का?"

"नाही."

"मी विचार केलाय, कबूल करून टाकतो. तुम्हालाही ताप नको."

"काय कबूल करता?"

"बटण. माझ्याकडूनच चालू राहिलं." तो गाडीच्या मागच्या दाराकडे बघत बोलत होता. "आदल्या दिवशी गाडी लावली, दार ओढलं, तेव्हा आत हिरवा दिवा दिसला मला. बटणाचा. म्हटलं, राहू दे, सकाळी बघू. पाय दुखत होते."

"पण तुम्ही तर पहिल्या दिवशी म्हणालात, बंद केलं होतं म्हणून. शपथेवर सांगत होतात."

"पहिल्या दिवशी माणूस स्वतःला वाचवायला बघतो, बाई. नंतर हळूहळू आठवतं. आता अगदी डोळ्यांसमोर आहे. हिरवा, एवढासा." त्याने करंगळीचं पेर दाखवलं. "आमची ही म्हणते, कबूल केलंत तर पेन्शन तरी अर्धी देतील. पण तेवढ्यासाठी नाही. आठवायला लागलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणू?"

ती जिथे उभी होती तिथून उघड्या दारातून ते बटण तिला सरळ दिसत होतं. त्याचा दिवा नारिंगी होता. पहिल्यापासून नारिंगी. हिरवा दिवा त्या अख्ख्या गाडीत कुठेच नव्हता. तिला वाटलं, आता सांगावं. आणि लगेच वाटलं, कशाला? त्याला आठवतंय. तो स्वतः म्हणतोय. सहा वर्षं या माणसाने आपल्याला शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालू दिलं नाही. तो बाकावर बसला नसता तर पॉलिश पेपर आला असता, रंग घासला गेला असता, म्हणजे नीट पाहिलं तर हे त्याच्यामुळेच. ही मांडणी तिच्या डोक्यात इतकी पटकन आणि इतकी व्यवस्थित उभी राहिली की तिला तिचीच भीती वाटली. कुणीतरी ती आधीच तयार करून ठेवल्यासारखी. गेले तीन आठवडे ती झोपेत हेच करत होती की काय? तात्याला न पाहिलेला दिवा दिसायला लागला होता आणि तिला पाहिलेला बोल्ट दिसेनासा झाला होता.

बरोबर दहाला अधिकारी आले. चाळिशीचा, बारीक, सर्दी झालेला माणूस. दर दोन वाक्यांनी रुमाल नाकाला लावत होता. त्यांनी तात्याचं म्हणणं आधी ऐकून घेतलं, उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या, आणि तिला म्हणाले, "हे कबूल करताहेत म्हटल्यावर तसा प्रश्न उरत नाही. तरी नियमाप्रमाणे एकदा दाखवा. बॅटरी, वायरिंग. थोडक्यात."

तिने प्रोब हातात घेतले. बॅटरीच्या दोन खुंटांवर ठेवले. "बारा पूर्णांक सहा."

"म्हणजे?"

"चार्ज आहे."

"आणि वायरिंग?"

तिने लाल टोक पॉझिटिव्हवर ठेवलं आणि काळं त्या बोल्टशेजारच्या कडेवर. तेवढाच आकडा. तेवढाच येणार हे तिला माहीत होतं. काहीच चालू नसताना त्या वायरीला कुणी काही मागितलंच नव्हतं. अधिकारी वाकून बघत होते. त्यांनी आकडा लिहून घेतला, पुढे रेघ ओढली आणि पुटपुटले, "दोष आढळला नाही." मग पेन तिच्याकडे केलं. "इथे सही करा."

पेन निळं होतं, त्याच्या टोपणाला दातांच्या खुणा होत्या. ती त्या खुणा बघत राहिली. तात्या मागे उभा होता आणि त्याच्या नाकातून येणारा श्वास तिला ऐकू येत होता, संथ, मोकळा, सगळं उरकलेल्या माणसाचा. तिला कुठल्याही चांगल्या गोष्टीचं स्मरण झालं नाही. तो मेलेला माणूसही आठवला नाही. त्याचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. फक्त त्या श्वासाचा आवाज तिला सहन होईना.

"अजून लोड टाकून बघायचं राहिलंय," ती म्हणाली. "साहेब, हे सगळं बंद असतानाचं झालं. त्या दिवशी सगळं चालू होतं."

तिने पंखा लावला, दिवे लावले, इन्व्हर्टर लावला, मशीन लावलं. "चष्मा नाही तुम्हाला, जरा लांब उभे राहा," ती अधिकाऱ्यांना म्हणाली, आणि दोन्ही टोकं जागेवर ठेवून मीटर त्यांच्याकडे वळवला. "इथे शून्य पूर्णांक दोनच्या आत पाहिजे."

"चार पूर्णांक तीन," त्यांनी वाचलं. "म्हणजे किती जास्त?"

"मशीनपर्यंत पोचायचं त्यातलं एक तृतीयांश इथेच मरतंय." इन्व्हर्टर चिरकला. एकदा, दोनदा, तीनदा. मशीन थांबलं. तात्या दोन पावलं पुढे आला. तिने सगळी बटणं बंद केली, निगेटिव्ह सोडली, बोल्ट पूर्ण काढला आणि वायर उचलून धरली. काळं वर्तुळ आता सगळं दिसलं. "खालचा रंग घासायला हवा होता. घासलेला नाही."

"कुणी बसवली ही?"

"मी."

अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला. "का नाही घासला?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं, नावागावासकट, बाकासकट. "आळस केला," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला वाटलं हेच खरं आहे, आणि लगेच वाटलं, नाही, हेही पूर्ण खरं नाही. पण पूर्ण खरं जे होतं ते त्या रेघेपुढे मावण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरचा तासभर कागदांत गेला. अधिकाऱ्यांनी फोटो काढले, बोल्ट पाकिटात घालून वर सही घेतली, तिचा जबाब लिहिला, आणि उद्यापासून पुढचा आदेश येईपर्यंत कामावर येऊ नका असं फार हळू आवाजात सांगितलं. जाताना म्हणाले, "तुम्ही सही केली असती तर मी गेलो असतो." हे कौतुक होतं की तक्रार, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

तात्या मात्र हलला नाही. तो गाडीच्या मागच्या दाराशी उभा होता, शर्ट आता काखेत भिजला होता. तिला वाटलं, आता तो शिवी देईल, किंवा हात जोडेल. त्याने यातलं काही केलं नाही.

"म्हणजे मी बंद केलं होतं?"

"केलं होतं."

"मग मला आठवतंय ते काय?" तो जवळजवळ ओरडला. "हिरवा दिवा दिसतोय मला, बाई! आत्ताही दिसतोय!"

"तात्या, तो दिवा नारिंगी आहे."

त्याने आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पायरीवर बसला, शर्टाची पर्वा न करता, आणि दोन्ही तळहातांनी डोळे चोळत राहिला. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. अंगठी आणि कडं घालायला तिने डबा उघडला आणि तसाच बंद करून पिशवीत टाकला.

"त्यांच्या घरी कोण सांगणार?" त्याने विचारलं.

"पत्र जाईल म्हणाले. महिनाभरात."

"महिनाभर ते मलाच धरून बसणार." मग तो म्हणाला, "घर मला माहितीय. तिसरा मजला. खुर्चीवर बसवून उतरवलं होतं त्यांना."

"चला," ती म्हणाली. आपण हे म्हटलं याचं तिलाच नवल वाटलं.

घर लांब नव्हतं. ते दोघं रस्त्याच्या एकाच बाजूने, पण पुढे-मागे चालत गेले. जिना अरुंद होता. प्रत्येक वळणावर तात्या थांबून धाप टाकत होता आणि सांगत होता, इथे खुर्ची तिरकी करावी लागली, इथे ते म्हणाले, भिंतीला हात लावू नका, ओला रंग आहे. तिसऱ्या मजल्यावर त्याने बेल दाबली आणि तो तिच्या मागे सरकला. तिला परत जिना दिसला, खाली जाणारा, रिकामा. आत चपला ओढत कुणीतरी येत होतं.

दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. गळ्यात मोजायची पट्टी अडकवलेली होती. मागच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्यावर चादर, आणि दोरीवर हँगरना लावलेले सात-आठ सदरे, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. त्यांनी आधी तिच्याकडे, मग मागच्या तात्याच्या भिजलेल्या शर्टाकडे पाहिलं. तात्याला त्यांनी ओळखलं नाही.

"कपडे न्यायला आलात का?" त्या म्हणाल्या. "सगळे शिवून ठेवून गेलेत ते. दोघांची बटणं तेवढी राहिली होती, ती मी लावलीत. नाव सांगा, शोधून देते."

"कपडे नाहीत, आजी," ती म्हणाली. "ज्या गाडीतून त्यांना नेलं, तिच्या वायरिंगचं काम मी केलं होतं."